डिपोटींचा शेरा आणि केळुसकरांची नजर

संस्कृत विद्येच्या आधुनिक अभ्यासाचा पाया ज्यांनी या देशात घातला, ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले. त्यांचे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते, आणि त्या काळच्या मालवणात अक्षरओळख, मोडी, हिशेब व घरची संथा यांच्या पलीकडे मुलाला देण्यासारखे फारसे काही नव्हते. इंग्रजी शाळा होती ती रत्नागिरीस. १८४७ साली वडिलांची बदली रत्नागिरीस झाली आणि मुलगा त्या शाळेत दाखल झाला. तेथून तो १८५३ साली मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये गेला, पुढे दक्षिणा फेलो झाला, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्याची गणना झाली, आणि ज्या रत्नागिरीच्या शाळेत तो शिकला होता तिचा हेडमास्तर म्हणून काही काळ तेथे परतला. हा सारा क्रम लक्षात घेतला म्हणजे मोठी चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते, ती ही की, या मुलाची बुद्धी प्रथम ओळखून तिला वाट करून देण्याचे श्रेय कोणा शिक्षणाधिकाऱ्याकडे जात नसून महसूल खात्याच्या बदलीच्या हुकुमाकडे जाते. तोच हुकूम रत्नागिरीऐवजी आणखी दक्षिणेकडच्या एखाद्या महालाचा निघता, तर काय झाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्याआधी पाव शतक, आजच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांची हकिकत याहून फार निराळी नाही. पौराणिकाच्या घरचा, १८१२ सालचा जन्म. संस्कृताची बैठक घरीच झालेली. कोवळ्या वयात मुंबईस पोहोचल्यावर सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांचा आधार मिळाला आणि विशीत पाऊल टाकताच, ६ जानेवारी १८३२ रोजी, त्यांनी ‘दर्पण’ काढले. १८३४ साली एल्फिन्स्टनमध्ये अध्यापनास आरंभ केला आणि १८४६ साली ते निवर्तलेसुद्धा. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. घरात आधीपासून विद्या होती, वडील लिहिणारे-वाचणारे होते, आणि मुंबईस किंवा रत्नागिरीस पाय टेकण्यापुरती जागा मिळण्याइतके गणगोत होते. वार लावून जेवण्याची आणि माधुकरीची चाल ब्राह्मण विद्यार्थ्यास तारून नेई, परंतु गाबिताच्या, भंडाऱ्याच्या अथवा महाराच्या मुलास तिचा काडीइतका उपयोग नव्हता. म्हणून त्या काळातील गुणवंतांची यादी वाचताना, यादीत नसलेल्यांच्या बुद्धीविषयी अनुमान काढण्याचा मोह आवरला पाहिजे.

राज्यकर्त्यांनी विद्वानांस हुडकून द्रव्य द्यावे ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास दक्षिणा वाटली जाई, आणि तीत शास्त्र्यांच्या अधिकारानुसार रकमा ठरत. इंग्रजी अमलात त्याच दक्षिणेच्या निधीतून आधी मराठी ग्रंथांस बक्षिसे आणि मग महाविद्यालयांत फेलोशिपा निघाल्या. भांडारकरांना मिळालेली फेलोशिप ती हीच. परंतु हे सारे विद्या संपादन केलेल्या माणसासाठी होते. आठ-दहा वर्षांच्या पोराकडे सरकारने पाहण्याचा प्रसंग येई तो डिपोटी साहेबांच्या, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या, स्वारीच्या दिवशी.

ही स्वारी म्हणजे खेडेगावच्या शाळेचा वार्षिक धसका. आदल्या दिवशी जमीन सारवायची, नकाशे भिंतीला टांगायचे, पोरांना धुतलेले सदरे घालून यायला बजावायचे. आणि साहेबांनी पावकी, निमकी, औटकीवरून तोंडचे हिशेब विचारायला सुरुवात केली म्हणजे मास्तरांनी ज्या कोपऱ्यातल्या मुलाकडे आशेने पाहायचे, तोच मुलगा बहुधा पुढे मुलकी परीक्षेला बसवायचा असे ठरून गेलेले असे. मराठी सातवीनंतरची ही परीक्षा, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण झाली की तलाठ्याची किंवा मास्तरकीची वाट खुली होई, आणि कोकणच्या तुटपुंज्या भातशेतीवर भागत नसलेल्या घरात ती वाट म्हणजे पिढीचे दैन्य फिटल्यासारखी असे. मात्र डिपोटी शेरेबुकात लिहीत ते शाळेविषयी व मास्तरांविषयी. मुलाचा गुण ओळखून त्याला पुढे हायस्कुलात पोहोचवणे हे सरकारी कर्तव्य त्या काळी कोणी मानलेच नाही.

ते कर्तव्य एका खाजगी माणसाने कसे बजावले याची हकिकत मात्र तपशिलाने सांगण्याजोगी आहे, आणि तो माणूस याच किनाऱ्याचा. वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईस विल्सन हायस्कुलात शिक्षक होते; जातीने मराठे, वृत्तीने ग्रंथकार, बुद्धाचे आणि शिवाजी महाराजांचे चरित्रकार. संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसण्याचा त्यांचा परिपाठ होता, आणि तेथेच त्यांना एक शाळकरी मुलगा रोज पुस्तकात डोके घालून बसलेला दिसू लागला. चौकशी करता तो महार जातीचा, भीमराव नावाचा विद्यार्थी असल्याचे कळले. केळुसकर त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्याच्या सत्काराची सभा भरली आणि तीत केळुसकरांनी आपले ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ त्याच्या हाती दिले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. महाविद्यालयाचा खर्च वडिलांस झेपेना असे दिसताच ते त्या तरुणास घेऊन सयाजीराव गायकवाडांच्या भेटीस गेले, आणि बडोदे सरकारची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. माझ्या मते शिक्षणाच्या इतिहासात या बागेतल्या भेटीचे मोल कित्येक आयोगांच्या अहवालांहून अधिक आहे, कारण तिथे उमेदवाराने अर्ज केलेला नव्हता, फी भरलेली नव्हती, आणि परीक्षकही कोणी नेमलेला नव्हता.

अर्थात प्रत्येक बागेत केळुसकर बसलेले नसतात, आणि म्हणूनच सरकारी परीक्षेची गरज. १९५४-५५ पासून प्राथमिक शाळेच्या चौथीसाठी व सातवीसाठी शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली, तेव्हा कुणा मामलेदाराच्या ओळखीवाचून, नुसत्या उत्तरपत्रिकेच्या बळावर, आडगावच्या मुलाचे नाव जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत झळकणे प्रथमच शक्य झाले. त्या वेळी हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग स्वतंत्र झाला १ मे १९८१ रोजी. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी ही त्रयी येथल्या घरोघरी इतकी रुळली की ‘झील स्कॉलरशिपेक बसलो हा’ एवढे म्हटले की शेजारीण दुपारच्या वेळी त्याला हाक मारून कामाला पिटाळीत नसे. जादा तास घेणारे शिक्षक, कंदिलाच्या उजेडातले सराव-पेपर, तालुक्याच्या केंद्रावर एस.टी.ने नेलेली पोरे आणि बाहेर डबा धरून बसलेल्या आया, हे चित्र दोन-तीन पिढ्यांनी पाहिले. २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी व आठवीला नेण्यात आली, पेपर दोन झाले, प्रत्येकी दीडशे गुणांचे, आणि उत्तर म्हणजे काळ्या शाईने भरलेले वर्तुळ. वर्षाकाठी हजार आणि दीड हजार रुपयांवर अडकलेली रक्कम २०२३ साली पाच हजार व साडेसात हजार झाली, हे बरे झाले.

तरीही तक्रार उरतेच. परीक्षेला कोणाला ‘बसवायचे’ हे ठरवतो तो वर्गशिक्षक, आणि ज्या शाळेत दोनच शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात तेथे तो साहजिकच आधीपासून चमकणाऱ्याला बसवतो. जाळ्याचा आस आणि वाऱ्याची दिशा एका नजरेत सांगणाऱ्या पोराची बुद्धी त्या चार पर्यायांत कुठेच उमटत नाही. कोकण विभागीय मंडळ स्वतंत्र झाल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, दहावी-बारावीच्या निकालात आपला विभाग सातत्याने राज्यात अग्रेसर आहे, याचा अभिमान आम्हां सर्वांस आहे. परंतु शंभरात किती उत्तीर्ण झाले आणि त्यांत विलक्षण कोण होता, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्याला बगल देण्याची सवय आपल्याला जडली आहे.

हेरलेल्या मुलाला पुढे द्यायचे काय, याचे उत्तर प्रथम शासकीय विद्यानिकेतनांनी दिले, पण त्यांपैकी पुसेगाव आपल्याला त्यातल्या त्यात जवळचे, आणि तेही घाटापलीकडचे. दिल्लीहून चालणाऱ्या राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचा गाजावाजा शहरांत अधिक, खेड्यांत कमी असे. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने नवोदय विद्यालये आली, आणि सावंतवाडी तालुक्यातील सांगेली येथे तसे एक उभे राहिले. सहावीत ऐंशी मुले, किमान पाऊणशे टक्के ग्रामीण भागातली, किमान तृतीयांश मुली, राहणे-जेवणे सरकारी. भांडारकरांच्या वडिलांना बदलीची, जांभेकरांना गलबताची आणि कुणाच्या आश्रयाची जी गरज पडली, ती येथल्या हुशार मुलाला जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तरी उरली नाही, ही त्या विद्यालयाची खरी कमाई मला वाटते.

आता वाचकांस एक विनंती. मालवण, वेंगुर्ले, देवगड आणि सावंतवाडी या तालुक्यांतील शंभरी ओलांडलेल्या शाळांच्या कपाटांत जुनी जनरल रजिस्टरे आणि शेरेबुके अद्याप पडून आहेत. कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे मूल कोणत्या इयत्तेपर्यंत पोहोचले आणि शाळा सोडण्याचे कारण काय लिहिले गेले, हे त्यांत दाखलवार नोंदलेले असते. आमच्याकडचा पावसाळा आणि वाळवी यांना कागदाची दयामाया नाही. तुमच्या गावच्या शाळेच्या शतकमहोत्सवी समितीने स्मरणिकेतील आमदारांच्या शुभेच्छांची चार पाने कमी करावीत आणि त्या पैशांत ही दप्तरे आधी नकलून घ्यावीत.