गोदामाचे कुलूप आणि संगणकाची जोखीम

भिवंडी म्हटले की आपल्याला यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. पण मुंबई-नाशिक महामार्गाने जाताना माणकोली, पूर्णा, काल्हेर या बाजूला नजर टाकली तर दिसतात ती गोदामे, एकाला लागून एक, मैलोन् मैल. ही गोदामे इथेच का आली? त्याचे एक मोठे कारण जकात हे होते. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. म्हणून व्यापारी हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात माल साठवून ठेवीत आणि लागेल तेवढाच शहरात नेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र राहिली, उलट वाढली.

या लेखात आपल्याला संगणकाच्या सुरक्षिततेबद्दल बोलायचे आहे. मग सुरुवात गोदामापासून कशाला? कारण संस्थांच्या सायबर सुरक्षिततेत जे शब्द सतत वापरले जातात, ते म्हणजे जोखीम, नियंत्रण, लेखापरीक्षण, अनुपालन. त्यांतला एकही संगणकाबरोबर जन्मलेला नाही. ते सगळे गोदामात आणि पेढीवर आधीपासून नांदत होते.

फाटकावरची शिस्त

कोणत्याही गोदामाच्या फाटकावर थोडा वेळ उभे राहावे. पहारेकरी ट्रकचा क्रमांक लिहून घेतो. आवक-जावक नोंदवहीत मालाची नोंद होते. गेटपासवर एकाची सही असते, तर माल मोजून देणारा दुसराच असतो. दाराला कुलूप आणि त्यावर सील असते. भिंतीवर आग विझवण्याची नळकांडी टांगलेली असतात. वर्षातून एकदा बाहेरचा माणूस येऊन शिल्लक माल मोजतो आणि वहीशी ताडून पाहतो.

यातील प्रत्येक गोष्ट हे एक 'नियंत्रण' आहे. कुलूप नुकसान होऊच देत नाही, म्हणून ते प्रतिबंधक नियंत्रण. फुटलेले सील झालेला प्रकार उघड करते, म्हणून ते शोधक. आग विझवण्याचे नळकांडे झालेले नुकसान आवरते, म्हणून ते निवारक. सही करणारा एक आणि माल देणारा दुसरा, याला कामांची विभागणी म्हणतात. चोरी करायची तर दोघांनी संगनमत करावे लागते आणि ते एकट्याच्या चोरीपेक्षा अवघड असते.

आपल्याकडच्या देशी हुंडीतही अशी नियंत्रणे होती. हुंडीत रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत आणि शिवाय तिची 'निमे' म्हणजे अर्धी रक्कम लिहून तिची दुप्पट असेही नोंदवीत. हजार रुपयांच्या हुंडीत 'निमे पाचशे' असल्यावर नुसता हजाराचा आकडा बदलून भागत नसे. मूळ हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत 'पेठ' आणि तीही हरवली तर तिसरी 'परपेठ' मिळे. माल सुखरूप पोचला तरच पैसे देय होणारी 'जोखमी हुंडी' हा तर हुंडी आणि विमा यांचा संगमच होता. मजकुरात फेरफार होऊ नये, हरवले तर पर्याय असावा आणि नुकसानीचा भार कोणी घ्यायचा ते आधी ठरलेले असावे, या तिन्ही गोष्टी त्या कागदात होत्या.

२७ जून २०१७

वस्तू व सेवा कर लागू होण्यास चार दिवस उरले असताना, मंगळवार २७ जून २०१७ रोजी, न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका मोठ्या टर्मिनलचे संगणक बंद पडले. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडे होते. कोणता कंटेनर कोणाचा, तो कोठे ठेवला आहे आणि कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारे संगणकच गप्प झाल्यावर यारीही काय करणार? कंटेनर अडकले आणि बरेच काम हाताने करण्याची पाळी आली.

दोष न्हावाशेव्यात नव्हता. युक्रेनमध्ये कराचे हिशेब भरण्यासाठी वापरले जाणारे 'एमईडॉक' नावाचे एक सॉफ्टवेअर होते. हल्लेखोर त्याच्या निर्मात्यांच्या यंत्रणेत शिरले आणि नेहमीच्या सुधारित आवृत्तीबरोबर त्यांनी एक घातक प्रोग्रॅम पाठवला. पुढे त्याला 'नॉटपेट्या' हे नाव पडले. वरकरणी तो खंडणी मागे, पण पैसे देऊनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. त्याचा हेतू विध्वंस हाच होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी या हल्ल्याची जबाबदारी रशियाच्या लष्करावर ठेवली.

एका संगणकात शिरल्यावर नॉटपेट्या दोन वाटांनी पसरे. पहिली वाट विंडोजमधील एका त्रुटीची. ही त्रुटी बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. दुसरी वाट अधिक धूर्त होती. संगणकाच्या स्मृतीत राहिलेले पासवर्ड तो उचलत असे आणि त्यांच्या आधारे दुरुस्ती केलेल्या संगणकांतही शिरत असे. म्हणजे ज्याने आपल्या दाराचे कुलूप बदलले होते, त्याच्या घरातही शेजाऱ्याकडे ठेवलेल्या किल्लीने चोर शिरला!

मर्स्कला पुढील दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

यातला एक प्रसंग भिवंडीकरांना विशेष भावेल. कंपनीत कोणाला कोणत्या संगणकावर काय करता येईल, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे संगणक जगभर विखुरलेले होते. त्यांना किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारे म्हणू या. त्या सर्वांवर एकच नोंद असे आणि ती एकमेकांशी सतत जुळवली जाई. एक गेला तर दुसरा आहेच, असा हा विचार होता. पण सगळेच एका वेळी पुसले जातील, हे गृहीत धरले नव्हते. आणि नेमके तेच घडले. शोधाशोध केल्यावर असा एकच संगणक शाबूत सापडला, तो आफ्रिकेतील घाना देशात. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्यातील माहिती विमानाने इंग्लंडला नेली गेली आणि तिच्या आधारे यंत्रणा पुन्हा उभी राहिली. वीज गेली की माग थांबतात आणि नुकसान होते, हा भिवंडीचा नेहमीचा अनुभव. येथे वीज जाण्यानेच एक मोठी कंपनी वाचली.

पण नशीब हे नियंत्रण नव्हे. जाळ्यापासून अलग ठेवलेली एक प्रत मुद्दाम राखली असती, तर ते नियंत्रण झाले असते.

जोखीम मोजायची कशी?

आता शब्द नीट समजून घेऊ. 'धोका' म्हणजे नुकसान करू शकणारी गोष्ट, येथे नॉटपेट्या. 'कच्चा दुवा' म्हणजे तिला वाट देणारी त्रुटी, उदाहरणार्थ न केलेली दुरुस्ती किंवा सर्वत्र चालणारा पासवर्ड. धोका आहे पण कच्चा दुवा नाही, किंवा कच्चा दुवा आहे पण धोका नाही, तर नुकसान होत नाही. दोन्ही एकत्र आले की 'जोखीम' निर्माण होते. ती ढोबळपणे अशी मांडतात:

जोखीम = घडण्याची शक्यता × घडल्यास होणारे नुकसान

दोन्हींना १ ते ५ गुण देऊ. गोदामातून एखादा किरकोळ डबा चोरीला जाण्याची शक्यता ४, पण नुकसान १, म्हणून जोखीम ४. आग लागण्याची शक्यता २, पण नुकसान ५, म्हणून जोखीम १०. रोज घडणारी किरकोळ चोरी डोळ्यांत खुपते, पण पैसा आधी आगीच्या बंदोबस्तावर खर्च व्हायला हवा, हे या साध्या गुणाकाराने कळते. पाण्याचे फवारे बसवल्यावर नुकसान ५ वरून २ वर आले, तर जोखीम ४ उरते. हिला 'उरलेली जोखीम' म्हणतात. ती शून्य कधीच होत नाही.

जोखमीचे चार प्रकारे काही करता येते. ती टाळावी, कमी करावी, दुसऱ्यावर सोपवावी किंवा जाणूनबुजून स्वीकारावी. विमा म्हणजे सोपवणे. पण सोपवलेली जोखीमही कधी परत दारात येते. नॉटपेट्याचा फटका बसलेल्या मर्क या अमेरिकी औषध कंपनीला विमा कंपन्यांनी सांगितले, की हे युद्धकृत्य आहे आणि ते विम्यात बसत नाही. मे २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने मर्कच्या बाजूने निकाल दिला. पण तोवर जवळजवळ सहा वर्षे गेली होती.

नियमांची वाट

नियंत्रणांची एक सर्वमान्य यादी असावी, हा विचार ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात रुजला. १९९३ मध्ये तेथील व्यापार व उद्योग खात्याने एक आचारसंहिता काढली. १९९५ मध्ये तिचे 'बीएस ७७९९' हे ब्रिटिश मानक झाले आणि २००५ मध्ये त्यातून 'आयएसओ २७००१' हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणे आहेत. ३७ संस्थेच्या कारभाराची, ८ माणसांची, १४ जागेची आणि ३४ तंत्राची. म्हणजे निम्म्याहून अधिक नियंत्रणांचा संबंध थेट तंत्राशी नाही! संगणक सुरक्षित ठेवणे हे केवळ संगणकवाल्यांचे काम आहे, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. २०११ च्या नियमांत 'वाजवी सुरक्षा पद्धती' म्हणून आयएसओ २७००१ चा उल्लेख झाला. पुढचा धडा पुण्यात मिळाला. ११ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस या जुन्या सहकारी बँकेतून बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांत पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एरवी एटीएमची यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकाला विचारते, की या खात्यात पैसे आहेत का? हल्लेखोरांनी मध्येच एक तोतया यंत्रणा बसवली आणि तीच परस्पर होकार देऊ लागली. गोदामाच्या भाषेत सांगायचे, तर गेटपासवर सही करणारा बदलला आणि माल देणाऱ्याला ते कळले नाही. दोनच महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षिततेची मूलभूत चौकट जाहीर केली. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात बँकांच्या डिजिटल व्यवहारांनुसार चार पातळ्या ठरवल्या गेल्या. लहान पेढीला मोठ्या बँकेइतके ओझे नको, हा त्यामागचा विचार.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने आणखी तीन गोष्टी सांगितल्या. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि सर्व संगणकांची घड्याळे जुळवून ठेवावीत. घड्याळांचा आग्रह कशासाठी? दोन पहारेकऱ्यांच्या घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक असेल, तर चोर आधी कोणत्या फाटकातून गेला हे वह्यांवरून कसे ठरवणार?

वहीतली सही

नियम पाळणे आणि तो पाळला हे दाखवता येणे, याला 'अनुपालन' म्हणतात. येथेच एक सापळा आहे. फाटकावरच्या वहीत रोज रात्री बारा, दोन आणि चारला सह्या असतात. पण त्या एकदमच सकाळी सहाला केल्या असतील तर? वही पूर्ण, अनुपालन पूर्ण, पहारा मात्र शून्य.

याची उलट बाजूही आहे. नॉटपेट्याच्या प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, मर्स्कमध्ये जाळ्याची सुरक्षा सुधारण्याची योजना आधी मंजूर होती, पैसाही होता. पण वरिष्ठांच्या कामाच्या मोजमापात ती धरलीच नाही, म्हणून ती मागे पडली. जे मोजले जात नाही ते होत नाही, आणि जे केवळ मोजण्यासाठी केले जाते ते असून नसल्यासारखे. नियमाचा हेतू ज्याला कळला आहे, त्याच्याच हाती नियम उपयोगी पडतो.

आपल्या शाळेत

शाळा हीदेखील एक संस्था आहे आणि तिच्याजवळ मौल्यवान माल आहे. मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण दंडाच्या भीतीपेक्षा मोठे कारण समोरच्या बाकांवर बसलेले असते.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून एक उपक्रम करून घ्यावा. आधी जवळचे गोदाम, पेढी किंवा किराणा दुकान पाहून तेथील नियंत्रणांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे प्रतिबंधक, शोधक की निवारक ते लिहावे. मग शाळेच्या संगणक कक्षाची तशीच यादी करावी. पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे? तो भिंतीवर चिकटवलेला तर नाही ना? शाळा सोडून गेलेल्या शिक्षकांचा प्रवेश बंद केला का? निकालपत्रकांची प्रत दुसरीकडे, जाळ्यापासून अलग ठेवली आहे का? प्रत्येक कच्च्या दुव्याला गुण द्यावेत, गुणाकार करावा आणि सर्वांत मोठ्या तीन जोखमी मुख्याध्यापकांसमोर ठेवाव्यात.

शेवटी एक प्रयोग. ती अलग ठेवलेली प्रत एखाद्या दिवशी खरोखरच दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत ही वहीतल्या सहीसारखीच असते. ती उघडली, तर घानात वीज जाण्याची वाट आपल्याला पाहावी लागणार नाही.