दप्तर, धडा आणि तराजू
१८९८ साली मराठी इतिहासलेखनात दोन पुस्तके आली. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांची ‘मुसलमानी रियासत’. एकात जुनी पत्रे, दुसऱ्यात सलग सांगितलेला इतिहास. दोघेही तळमळीचे अभ्यासक, पण वाटा वेगळ्या. या फरकाचे मूळ बरेचसे त्यांच्या शिकण्याच्या सवयीत सापडते.

डेक्कन कॉलेजात राजवाड्यांची भिस्त वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा स्वतःच्या वाचनावर होती. दुसऱ्याने चावून दिलेले ज्ञान त्यांना कधी पचले नाही. साहजिकच तयार बखरींवर त्यांचा विश्वास बसेना. त्यांना अस्सल कागद हवा होता. मग गावोगावची पायपीट, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरची दप्तरे, ती दाखवायला नाखूश असलेल्या मालकांची मनधरणी. पानिपतच्या काळातली वाईला मिळालेली पत्रे पहिल्या खंडात आली आणि पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, त्यामागेही हाच ध्यास होता.

सरदेसाई बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होते आणि राजपुत्रांना शिकवत होते. शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच ‘रियासत’ वाढली. समोर विद्यार्थी असला की घटनांची संगती लावावीच लागते. आधी काय झाले, मग काय, आणि का, हे सांगावे लागते. ती शिस्त त्यांच्या लेखनात कायमची उतरली. मात्र सवय म्हणजे बेडी नव्हे. याच सरदेसाईंनी निवृत्तीनंतर पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांची तऱ्हा सर्वांत निराळी, आणि या विषयाचा सर्वांत बोलका दाखला तोच. हार्वर्डमध्ये शिकलेला हा गणिती एखादे शास्त्र शिकायचे तर त्यातला खरा प्रश्न हाती घेऊनच शिकत असे. संख्याशास्त्र शिकण्यासाठी त्यांनी घेतलेल्या प्रश्नांपैकी एक होता प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांचा. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन काळानुसार घटते आणि त्यांच्या वजनांतली तफावत वाढत जाते. हे पडताळण्यासाठी त्यांनी चलनातली हजारो आधुनिक नाणी स्वतः तोलली. मग तक्षशिलेच्या साठ्यांकडे पाहिले, तर मागच्या बाजूला खुणा जास्त असलेली नाणी सरासरीने हलकी निघाली, म्हणजे ती जास्त काळ फिरलेली होती. कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, हे ठरवायला तराजूचा असा आधार मिळाला.

पण ती पाडली कोणी? उत्तर पुराणांत, बौद्ध आणि जैन ग्रंथांत शोधायचे, तर संस्कृत पक्के हवे. कोसंबींनी तेही व्याकरणाच्या पहिल्या पानापासून घोकले नाही. भर्तृहरीची सुभाषिते घेतली, हस्तलिखितांतले पाठभेद ताडून पाहिले, आणि १९४८ साली त्यांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुण्याच्या आसपास पायी हिंडून वेशीवरचे देव, दगडी हत्यारे आणि जुने मार्गही ते न्याहाळत राहिले. १९५६ च्या त्यांच्या भारतीय इतिहासावरील ग्रंथात आकडे, ग्रंथ आणि ही भटकंती एकमेकांना साक्ष देतात.