पुनर्बांधित स्वयंचलित गिअरबॉक्स : दोषनिदान

जुन्या पिकअप ट्रकचा स्वयंचलित गिअरबॉक्स संपूर्ण उकलून, झिजलेल्या क्लच-प्लेटा, बँड व सील बदलून पुन्हा जुळविल्यावरही तो सदोष चालू लागल्यास दोषाचे मूळ शोधण्याची रीत. येथे जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ७००-आर४ हा चार गिअरांचा गिअरबॉक्स आधारास घेतला आहे. १९८२ च्या मॉडेलपासून प्रचारात आलेला हा गिअरबॉक्स शेव्हरोले व जीएमसी पिकअपांत विपुल बसविला गेला. १९९० मध्ये त्याचे ४एल६० असे नामांतर झाले आणि १९९३ पासून त्याची विद्युत्-नियंत्रित आवृत्ती आली. मूळ रचनेत गिअर बदलण्याचा सारा अंमल तेलाच्या दाबाकडे असल्याने दोषाचा पुरावाही प्रामुख्याने तेथेच शोधावा लागतो.

तक्रार येताच गिअरबॉक्स पुन्हा उतरविण्याची घाई बहुधा अनाठायी ठरते, कारण कसूर पुष्कळदा त्याच्या बाहेर असते. तेलाची पातळी इंजिन गरम व चालू असताना, गिअरदांडी पार्कमध्ये ठेवून पाहावी. पातळी योग्य असूनही गिअर विलंबाने लागत असेल व पंप कण्हत असेल, तर फिल्टरच्या मानेवरील सील निसटून पंप हवा ओढत असल्याचा संशय घ्यावा. रेडिएटरमधील तेलशीतक धुतला गेला नसेल, तर आधीच्या बिघाडाचा धातुचुरा नव्या भागांत शिरतो. ही हयगय दुर्दैवाने सर्रास आढळते.

सर्वाधिक अनर्थ मात्र कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या थ्रॉटल-व्हॉल्व्ह केबलने होतो. ही केबल केवळ खालचा गिअर पाडण्यासाठी आहे असा समज रूढ आहे. वस्तुतः इंजिनावरील भाराप्रमाणे तेलाचा दाब वाढविणे हे तिचे मुख्य कार्य होय. ती सैल राहिली की गिअर लवकर व लोण्यासारखे मऊ बदलतात, मालक संतुष्ट होतो, आणि त्याच मुदतीत अपुऱ्या दाबाखाली घसरणारा तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळून जातो. ती अति ताणलेली असल्यास गिअर उशिरा व हिसक्याने बदलतात. इंजिन बंद ठेवून, केबलवरील खटका दाबून सरकता भाग मागे लोटावा व कार्ब्युरेटरचा थ्रॉटल पूर्ण उघडावा, म्हणजे केबल आपोआप योग्य लांबीवर स्थिरावते. परंतु कार्ब्युरेटर मूळचा नसेल, तर त्याच्या दांडीची भूमिती तपासल्यावाचून या जुळणीवर विसंबू नये. दाबमापक जोडून शंका पडताळता येते.

बाहेरचा तपास निष्फळ ठरल्यास कोणते गिअर एकत्र नाहीसे झाले हे पाहावे. पहिला, दुसरा व रिव्हर्स शाबूत असून तिसरा-चौथा लागत नसेल, तर उपर्युक्त क्लच दोषी. दुसरा व चौथा दोन्ही गेले असता रिव्हर्सची साक्ष निर्णायक ठरते : रिव्हर्स लागत असेल तर बँड किंवा त्याचा सर्व्हो, आणि तोही गेला असेल तर सन-गिअर फिरविणाऱ्या शेलचे दाते तुटल्याचे समजावे. बसविल्याबरोबर पंपच निकामी झाला असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर पंपात पुरता न शिरताच बोल्ट आवळले गेले असावेत. गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे.

गाडी थांबताना इंजिन बंद पडत असल्यास कन्व्हर्टरमधील लॉकअप क्लच न सुटल्याची शक्यता असते. महामार्गावर चौथ्या गिअरात जाणवणारी थरथरही त्याच क्लचच्या माथी मारली जाते. ब्रेक-पेडल किंचित दाबून लॉकअप सोडविल्यावर ती थांबली, तरी तेवढ्यावरून निकाल देता येत नाही, कारण लॉकअप सुटताच इंजिनातील चुकार ठिणगीचे धक्केही तेलात विरून जातात. सबब स्पार्क-प्लग व त्यांच्या तारा तपासल्याखेरीज कन्व्हर्टर उतरवू नये.