सौराष्ट्राच्या किनारपट्टीवरील चुनखडीयुक्त जमिनी आणि भुईमुगावरील केवडा

जमिनीत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजेच मुक्त चुन्याचे, प्रमाण पिकांना बाधक ठरेल इतके वाढले की तिला चुनखडीयुक्त जमीन म्हणतात. गुजरातमधील पोरबंदर, जुनागढ आणि गीर सोमनाथ या किनारी जिल्ह्यांत अशा जमिनी मोठ्या प्रमाणावर आढळतात.

या भागात मिलिओलाइट नावाचा चुनखडक आहे. तो सागरी सूक्ष्मजीवांच्या कवचांच्या कणांपासून बनला असून ‘पोरबंदर दगड’ म्हणून बांधकामात प्रसिद्ध आहे. या खडकाच्या झिजेतून चुना मातीत मिसळतो. विहिरीच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेटही त्यात भर घालते. पाण्याची वाफ होऊन कार्बन डायऑक्साइड निघून गेला की चुना मातीत साका धरतो. पाऊस अपुरा असल्यास तो वाहून न जाता साचत राहतो.

चुन्यामुळे मातीचा सामू साधारणतः ७.५ ते ८.५ राहतो. सामू एका अंकाने वाढल्यास फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे १,००० पटींनी घटते. त्यामुळे मातीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. स्फुरद आणि जस्ताची उपलब्धताही कमी होते. शेंगा भरण्यासाठी भुईमुगाला कॅल्शियम आवश्यक असते. मात्र चुन्याच्या अतिरेकाने तेच पीक पिवळे पडते. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. यालाच शेतकरी केवडा म्हणतात. पाणी साचलेल्या शेतात तो अधिक तीव्र होतो. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त जमिनींत उसावरही तो दिसतो.

चुना पूर्णपणे काढून टाकणे व्यवहार्य नसते. एक हेक्टरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो धरल्यास, त्यातील केवळ एक टक्का चुना निष्प्रभ करण्यास ६ टनांहून अधिक गंधक लागेल. म्हणून पिकाला थेट लोह देण्यावर भर असतो. ०.५ टक्के फेरस सल्फेट (हिराकस) आणि ०.१ टक्के सायट्रिक आम्ल यांच्या द्रावणाची फवारणी केल्यास पाने पुन्हा हिरवी होतात. मात्र तिचा परिणाम तात्पुरता असल्याने ती पुन्हा करावी लागते. जमिनीत दिलेले साधे फेरस सल्फेट लवकरच निरुपयोगी होते. शेणखत, हिरवळीचे खत, पाण्याचा निचरा आणि सहनशील वाणांची निवड हे दीर्घकालीन उपाय होत. भुईमुगावरील संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र १९७९ पासून जुनागढ येथेच कार्यरत आहे.

पिवळेपणा दिसताच नत्राची मात्रा वाढवणे हा चुकीचा उपाय ठरू शकतो. नत्राच्या कमतरतेत जुनी पाने आधी पिवळी पडतात, लोहाच्या कमतरतेत कोवळी. हा फरक ओळखून माती आणि पाण्याची तपासणी केल्यास अनाठायी खर्च टळतो.