अन्न आणि कृपा

वऱ्हाडांतील ख्रिस्ती समाजाची हकीकत सांगणारा बहुधा दुष्काळापासून प्रारंभ करतो, आणि तें स्वाभाविकच आहे. १८९१ सालीं २८,९७,४९१ असलेली या कापसाच्या मुलखाची लोकसंख्या १९०१ सालीं २७,५४,०१६ वर आली. मधल्या दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ होऊन गेले होते. अकोला व अमरावती येथें ठाणीं असलेल्या अमेरिकन अलायन्स मिशननें त्या काळांत अनाथ मुलें संभाळलीं. अशा मुलांवर ‘पोटासाठीं बाटले’ हा शिक्का सहज बसे.

हा टोमणा निव्वळ द्वेषाचा म्हणून आम्ही सोडून देत नाहीं. देवाचें प्रेम कोणत्याही अटीवांचून मिळतें असें सांगावयाचें आणि तें सांगावयाचें भाकरीच्या टोपलीजवळ बसून, यांत अडचण आहेच. भुकेलेल्या पोराला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक ती कितीशी? पण टोमणा मारणारे आणि बाप्तिस्म्यांची संख्या मोजणारे या दोघांचीही एक समजूत समानच असते, ती ही कीं, बाप्तिस्मा झाला म्हणजे स्वीकार झाला.

अकोल्याच्या मिशनमधील जेनी फुलर यांनीं हिंदी स्त्रियांवरील अन्यायांविषयीं लिहिलेलें पुस्तक १९०० सालीं निघालें. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती. आणि वरील समजूत खोटी ठरविणारें उदाहरणही रमाबाईंचेंच आहे. त्यांचे आईबाप दुष्काळांत गेले. उपासमार त्यांनीं स्वतः भोगली. तेव्हां कोणत्याही मिशनची भाकर त्यांना ख्रिस्ती करूं शकली नाहीं. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो पूर्ण विचारानें. आणि त्यानंतरही त्रैक्याच्या सिद्धान्तावर सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं त्यांचा पत्रांतून वाद चाललाच. (गुरूपुढें मान तुकवावी हा बाईंचा स्वभावच नव्हता!) पुढें १९०७ सालीं लिहिलेल्या आत्मनिवेदनांत त्या सांगतात कीं, इतकीं वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला १८९१ च्या सुमारास.

हा विलंब कां व्हावा? व्रतें, तीर्थयात्रा, पुराणपठण यांनीं पुण्य जोडणाऱ्या शास्त्र्याच्या घरांत त्या वाढल्या होत्या. नव्या धर्मांतही, आम्हांस वाटतें, त्या प्रथम पात्रताच मिळवूं पाहत होत्या. आपण अपात्र असतांनाच आपला स्वीकार झालेला आहे, हें मान्य करणें भिकाऱ्यापेक्षां विदुषीला अधिक जड जातें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्याच रमाबाई मध्यप्रांतांतून सुमारें ३०० मुली घेऊन आल्या. केडगांवचें ‘मुक्ति’ त्यांतून वाढलें. तेथेंही जेवण व प्रार्थना एकाच छपराखालीं होतीं, तेव्हां टोमण्याला उत्तर तेथेंही मिळत नाहीं. पण त्या मुलींना वाढणाऱ्या बाईंना स्वतःला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षें लागलीं होतीं, आणि त्या आठ वर्षांत त्या उपाशी नव्हत्या.