कुंडल कुठल्या जिल्ह्यात?

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आजोबांची पत्र्याची ट्रंक आवरायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. जुन्या सातबाऱ्यांच्या खाली शाळा सोडल्याचे चार दाखले सापडले. आजोबांच्या दाखल्यावर जन्मगाव 'कुंडल, संस्थान औंध'. त्यांचे धाकटे भाऊ १९५२ सालचे, त्यांच्या दाखल्यावर 'कुंडल, जि. दक्षिण सातारा'. बाबांच्या दाखल्यावर 'ता. तासगाव, जि. सांगली'. आणि माझ्यावर 'ता. पलूस, जि. सांगली'. मंडळी, घर एकच आहे. उंबरासुद्धा तोच आहे!

तेव्हा हसलो आणि विसरून गेलो. दोन महिन्यांनी हाच घोळ माझ्या लॅपटॉपवर उगवला, आणि मग मात्र हसू आलं नाही.

झालं असं, की मी नोकरीत बीआयचं, म्हणजे बिझनेस इंटेलिजन्सचं काम करतो. आठवडाभर दुसऱ्यांचे विक्रीचे आकडे रंगीत तक्त्यांत बसवायचे. म्हटलं, एकदा आपल्याच दोन जिल्ह्यांचे आकडे बसवून बघू. वडिलांकडचं गाव सांगलीत, आजोळ कराडला, म्हणजे साताऱ्यात. जनगणनेचे जुने-नवे तक्ते जमवले, त्यांचा एक क्यूब केला आणि तो बीआयच्या टूलला जोडायला घेतला.

क्यूब म्हणजे काय, ते दोन ओळींत सांगतो. मोजायची गोष्ट एक: माणसं. ती बघायच्या बाजू अनेक: कुठे, केव्हा, स्त्री की पुरुष, ग्रामीण की शहरी. या बाजूंना म्हणायचं डायमेन्शन. क्यूबमधला एकेक कप्पा एकेका प्रश्नाचं उत्तर देतो, जसं '१९५१ साली वाळवा तालुक्याच्या खेड्यांत बायका किती?' 'कुठे' या बाजूला शिवाय शिडी असते: गाव, तालुका, जिल्हा. ई. एफ. कॉड यांनी १९९३ मध्ये या प्रकाराला 'ओलॅप' हे नाव दिलं, तरी कल्पना त्याहून जुनी. आमच्या जनगणनेचे छापील तक्ते दुसरं काय आहेत? कागदावर कापून ठेवलेला क्यूबच तो.

क्यूब टूलला जोडताना सगळं समजावून सांगावं लागतं. कुठली बाजू कुठल्या रकान्यात, शिडी कुठली, कुठला आकडा बेरजेचा आणि कुठला नाही. मी घाईत 'हजार पुरुषांमागे स्त्रिया' हा आकडाही बेरजेला लावला. साताऱ्याचे तालुके अकरा. टूलने इमानदारीत उत्तर दिलं: हजार पुरुषांमागे जवळजवळ अकरा हजार बायका! (आमच्या ग्रुपवर हा स्क्रीनशॉट अजून फिरतोय.)

ही चूक निदान बघताक्षणी कळली. दुसरी कळायला दोन शनिवार गेले. १९४१ चा वाळवा तालुका माझ्या रिपोर्टात दोनदा मोजला जात होता, एकदा सातारा जिल्ह्यात आणि एकदा सांगलीत. कारण मी दोन तऱ्हेचे तक्ते मिसळले होते. जुन्या खंडांत त्या वेळच्या हद्दी होत्या. जनगणनेच्या 'अ-२' तक्त्यात १९०१ पासूनची दशकवार लोकसंख्या असते, पण ती नंतरच्या हद्दींत बसवून दिलेली. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर, चूक माझी. 'सातारा' हे नाव दोन्हीकडे दिसलं आणि मी ते एकच धरलं.

नाव एक असलं तरी सातारे किती? १८४८ पर्यंत छत्रपतींचं सातारा राज्य होतं. त्या वर्षी राजे निपुत्रिक वारले, दत्तक नामंजूर झाला आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. मग मुंबई इलाख्यातला सातारा जिल्हा आला, त्यात वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा भागही होता. मधे मधे संस्थानं: औंध, फलटण, जत, सांगली, मिरज. ८ मार्च १९४८ रोजी ही दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, आणि १ ऑगस्ट १९४९ पासून 'दक्षिण सातारा' जिल्हा सुरू झाला: जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके अधिक विलीन संस्थानांचा मुलूख. उरलेला तो 'उत्तर सातारा'. १९६० च्या नोव्हेंबरात दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं.

सांगलीचंही तेच. १९४१ ची 'सांगली' म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, ज्यात आज सोलापुरात असलेलं मंगळवेढं होतं आणि आज कर्नाटकात असलेली शिरहट्टी आणि तेरदाळसुद्धा. आजची सांगली म्हणजे दहा तालुक्यांचा जिल्हा. त्यातले पलूस आणि कडेगाव तालुके तर या शतकाच्या उंबरठ्यावरचे. कोडवर विसंबावं, तर २००१ मध्ये साताऱ्याचा कोड ३१ आणि सांगलीचा ३५. २०११ मध्ये तेच ५२७ आणि ५३१!

आता कोणी म्हणेल, असेना का, आज सातारा ३० लाख, सांगली २८ लाख (२०११ ची मोजणी), विषय संपला. मलाही तसंच वाटलं असतं. पण हौसेखातर मी १९४२ नंतरच्या घटनांचा एक छोटा तक्ता त्याच क्यूबला जोडला होता. फिल्टर लावला: वर्ष १९४३, जिल्हा सातारा. शेणोलीजवळ ७ जूनला तुफान सेनेने रेल्वे अडवून पगाराची रक्कम पळवली, ती घटना दिसली, कारण शेणोली कराड तालुक्यात. पण ज्या कुंडलमधून या चळवळीची सूत्रं हलत होती, ते कुंडल गायब. 'आजचा जिल्हा' लावला तरी गायब. शिवाय या फेरीत क्रांतिसिंह नाना पाटलांचं वाळवा तालुक्यातलं येडेमच्छिंद्रही गेलं.

आपण म्हणतो 'साताऱ्याचं प्रतिसरकार'. प्रतिसरकार चाललं तेव्हा कुंडल सातारा जिल्ह्यात नव्हतं आणि आजही नाही. तेव्हा ते औंध संस्थानात होतं, आणि नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची होती. संस्थानच्या हद्दीत ब्रिटिश पोलिसांना मोकळं रान नव्हतं, भूमिगतांना तिथे आसरा मिळे. म्हणजे ती हद्दीची रेघ हा इतिहासाचाच एक भाग. मी सोयीसाठी जुनं खोडून सगळीकडे 'सांगली' लिहिलं असतं, तर बेरीज जुळली असती आणि हे कारणच पुसलं गेलं असतं. आमची पणजी रात्री भूमिगतांना भाकऱ्या बांधून द्यायची असं घरात सांगतात. माझ्या रिपोर्टात ती कुठेच नव्हती.

राल्फ किंबॉल यांच्या पुस्तकांमुळे आम्हा डेटावाल्यांना यावरचे तीन उपाय पाठ असतात. एक, जुनं खोडून नवं लिहा. दोन, जुनी ओळ तारीख टाकून बंद करा आणि नवी उघडा. तीन, शेजारी 'आधीचं नाव' असा रकाना ठेवा. मी दुसरा घेतला. प्रत्येक गावाला माझा स्वतःचा, कधीही न बदलणारा नंबर दिला. कुंडलच्या चार ओळी झाल्या, अगदी ट्रंकेतल्या दाखल्यांसारख्या. टूलमध्ये शिड्या दोन केल्या, 'तेव्हाचा जिल्हा' आणि 'आजचा जिल्हा', आणि एका वेळी एकच वापरायची. प्रतिसरकार कुठल्याच शिडीत मावेना, म्हणून 'चळवळ' ही वेगळी बाजू केली. आता तिथून कुंडल, येडेमच्छिंद्र, शेणोली एकत्र दिसतात.

असो. परवा फोनवर आजोबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, मग माझा दाखला चुकीचा आहे का?"

म्हटलं, "नाही आजोबा, चारही बरोबर आहेत. फक्त तारीख बघून वाचायचे."

ट्रंक पुन्हा लावली आहे. दाखले एकावर एक, जुना सगळ्यात खाली.