ओर्व्हिएतो : एका सणाचे जन्मगाव

ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक आपल्या इतकी परिचयाची आहे, की तो सण ख्रिस्तसभेत प्रारंभापासूनच असावा असे वाटते. साक्रामेंतापुढे फुले उधळणारी मुले, चांदवा धरणारे ज्येष्ठ आणि मागून गात चालणारा सारा धर्मग्राम आपण लहानपणापासून पाहत आलो. वस्तुतः पहिली बारा शतके हा सण नव्हता. ज्या गावातून तो साऱ्या ख्रिस्तसभेसाठी जाहीर झाला, ते ओर्व्हिएतो रोमच्या यात्रेत आम्ही मुद्दाम पाहून आलो.

इटलीच्या उंब्रिया प्रांतात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकाच्या उभ्या कड्यावर हे छोटेसे नगर वसले आहे. त्याची वस्ती एत्रुस्कन लोकांच्या काळापासूनची. रेल्वे स्थानक पायथ्याशी आहे; तेथून दोरखंडाने ओढली जाणारी छोटी गाडी आपल्याला वर नेते. अरुंद गल्ल्यांतून चालता चालता एकाएकी समोर भव्य महामंदिर उभे राहते. त्याची पायाभरणी १२९० साली झाली. भिंतींवर काळ्या व पांढऱ्या दगडांचे आडवे पट्टे आहेत, तर दर्शनी भागावर विश्वाच्या निर्मितीपासून अंतिम न्यायापर्यंतचा तारणाचा इतिहास कोरला आहे. निरक्षर भाविकांसाठी तो दगडातला धर्मोपदेशच होता.

आतल्या एका उपमंदिरात वेदीवर अंथरण्याचे एक जुने वस्त्र जतन केले आहे. परंपरा सांगते, की १२६३ साली प्रागचा पीटर नावाचा धर्मगुरू रोमच्या यात्रेला निघाला होता. ख्रिस्तप्रसादातील प्रभूच्या उपस्थितीविषयी त्याचे मन साशंक होते. जवळच्या बोल्सेना गावी संत क्रिस्तिना यांच्या कबरीपाशी मिस्सा अर्पण करीत असता, त्याच्या हातातील ओस्तीतून रक्त ठिबकले आणि हे वस्त्र भिजले. पोप चौथे अर्बन त्या वेळी ओर्व्हिएतोत राहत होते. ११ ऑगस्ट १२६४ रोजी त्यांनी हा सण साऱ्या ख्रिस्तसभेसाठी जाहीर केला.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावयास हवे. पोपमहोदयांच्या त्या आज्ञापत्रात बोल्सेनाच्या चमत्काराचा उल्लेखही नाही. सणाचे बीज दूर उत्तरेस, आजच्या बेल्जियममधील लिएज येथे पडले होते. पाचव्या वर्षी पोरकी झालेली जुलियाना तेथील मठात वाढली व पुढे धर्मभगिनी झाली. काळा डाग असलेला पूर्णचंद्र तिला दर्शनात वारंवार दिसे. ख्रिस्तसभेच्या वर्षात साक्रामेंताच्या एका सणाची उणीव आहे, असा त्याचा अर्थ तिला उमगला. १२४६ साली तेथील बिशपांनी आपल्या धर्मप्रांतासाठी हा सण मंजूर केला खरा. परंतु त्याच वर्षी ते निवर्तले. जुलियानेला मठ सोडावा लागला आणि १२५८ साली तिने परक्या ठिकाणी देह ठेवला. तिच्या सणाचा विचार ज्यांच्यापुढे मांडला गेला, त्यांत लिएजचे एक आर्चडीकनही होते. तेच पुढे पोप चौथे अर्बन झाले! सणाच्या प्रार्थना रचण्याचे श्रेय परंपरेने संत थॉमस अक्विनास यांना दिले जाते. तेही त्या वर्षांत ओर्व्हिएतोतच अध्यापन करीत होते. आज्ञापत्रानंतर दोन महिन्यांच्या आत पोपही निवर्तले. सण सर्वत्र रुजला तो चौदाव्या शतकात.

तर मग ते वस्त्र निरर्थक का? आम्हांस तसे वाटत नाही. १३३८ साली पूर्ण झालेल्या, चांदीच्या व मिनाकारीच्या पेटीवर ओर्व्हिएतोकरांनी त्या धर्मगुरूची सारी कथा चितारली. त्याची शंका त्यांनी झाकली नाही. उलट ती पेटी मिरवणुकीत मिरविली. शंकेला लाजू नये, तिला वेदीपाशी न्यावे, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु चमत्कार एका क्षणाचा असतो, निष्ठा आयुष्यभराची. जुलियानेने पेरले, पीक तिने पाहिले नाही. घरोघरी सायंकाळी मुलांना रोजरी शिकविणाऱ्या आपल्या आजींनीही असेच पेरले आहे. या वर्षी साक्रामेंतामागून चालताना त्या पोरक्या मुलीचे स्मरण अवश्य करावे.